साताला पट्टा

आमच्या शाळेत एकाला टोपी असायची आणि साताला पट्टा. इंग्रजी एक म्हणजे नुसती उभी काडी नव्हे. तिच्या डोक्यावरून डावीकडे उतरणारी छोटी तिरकी रेघ पाहिजे, ती टोपी. सात काढला की त्याच्या कमरेवर एक आडवी रेघ, तो पट्टा. आमच्या मुख्याध्यापिका, मोठ्या सिस्टर, समुद्रापलीकडच्या होत्या आणि त्यांच्याकडे आकडे असेच लिहीत. "देवाला कसलंही अक्षर वाचता येतं," त्या म्हणायच्या, "माणसांना येत नाही. तेव्हा माणसांसाठी नीट लिहा."

मिशनच्या त्या शाळेतून आम्ही एकतीसजणी बाहेर पडलो. एक विमा विकते, एक कोर्टात टायपिस्ट आहे, एक इतक्या सफाईनं खोटं बोलते की लोकांनी तिला निवडून दिलं. श्रद्धा कुणाची टिकली, कुणाची गेली, एकीची तर नको तितकी वाढली. पट्टा मात्र कुणाचाच सुटला नाही. बँकेतल्या किंवा पोस्टातल्या एखाद्या फॉर्मवर पट्टेवाला सात दिसला की मी लगेच ओळखते, ही आपल्यातली.

माझं म्हणाल तर चर्चची पायरी चढून मला एकोणीस वर्षं झाली होती. आई माझ्याकडेच राहते. दर शनिवारी संध्याकाळी ती विचारते, "उद्या येतेस?" आणि मी म्हणते, "बघू." बघूचा अर्थ तिला कळतो, तरी ती विचारायचं सोडत नाही.

मी एका मोठ्या इस्पितळाच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये हेड टेक्निशियन आहे. माणसाच्या अंगातून काढलेला गाठीचा तुकडा बाटलीतून आमच्याकडे येतो. आम्ही तो काड्यापेटीहून लहान अशा प्लास्टिकच्या जाळीदार डबीत ठेवतो, डबीच्या कडेवर पेन्सिलीनं नंबर घालतो, रात्रभर औषधांत मुरवतो आणि मग मेणात बसवतो. या मेणाच्या ठोकळ्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काचेवर घेतले की डॉक्टरबाई ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून ठरवतात, कॅन्सर आहे की नाही. आम्हाला पेशंट दिसत नाही, त्याचा नंबर दिसतो. बावीस वर्षं मी नंबर बघत आले आहे आणि त्यात कुणी हलगर्जीपणा केला की माझा पारा चढतो. लॅबमध्ये माझं टोपणनाव फूटपट्टी आहे. मला ते ऐकू येत नाही असा सगळ्यांचा समज आहे.

नंबर छापणारं मशीन तेव्हा पंधरा दिवस बंद होतं. सगळ्या डब्यांवर मीच हातानं नंबर घालत होते आणि खरं सांगायचं तर मला त्यात मजा येत होती. इतरांच्या कोंबडीच्या पायांपेक्षा माझं अक्षर बरं, हे मी दिवसातून दोनदा तरी ऐकवत होते.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला मी बावीसशे एक नंबरचा ब्लॉक हातात घेतला. बावीसशे एकच्या बाईला छातीच्या गाठीचा कॅन्सर निघाला होता आणि डॉक्टरबाईंनी त्याच ब्लॉकवर आणखी एक तपासणी सांगितली होती. मी ब्लॉक दिव्याखाली धरला आणि माझा हात तिथंच थांबला.

शेवटच्या आकड्याची टोपी तिरकी नव्हती. ती सरळ होती, सपाट. ती टोपी नव्हतीच, ते साताचं छप्पर होतं.

मी भिंग घेतलं. आकड्याच्या कमरेवर ब्लेड फिरल्याच्या खुणा होत्या. डबीवर सांडलेलं मेण आम्ही ब्लेडनं खरवडतो, आणि त्या खरवडण्यात पेन्सिलीची एक आडवी रेघ निघून गेली होती. रेघेच्या दोन्ही टोकांचे ठिपके तेवढे शिल्लक होते. माझ्या हातचा पट्टा होता तो, मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार.

मी कपाट उघडून बावीसशे सातचा ब्लॉक काढला. त्यावरच्या आकड्याला छान तिरकी टोपी होती, आणि कमरेवरून ब्लेडचा एक काळपट ओरखडा आडवा गेला होता. लांबून बघणाऱ्याला तो पट्टाच वाटला असता.

रजिस्टर माझ्याच अक्षरात होतं. बावीसशे एक, तीन तुकडे. बावीसशे सात, पाच तुकडे. कॅन्सरवाल्या ब्लॉकमध्ये मी तुकडे मोजले. पाच होते. पुन्हा मोजले, म्हणजे जणू दुसऱ्यांदा मोजल्यावर दोन कमी होतील. पाचच होते.

म्हणजे कॅन्सर बावीसशे सातच्या बाईला होता. तिला आपण निरोगी आहोत असं कळलेलं होतं आणि ती शुक्रवारीच घरी गेली होती. आणि बावीसशे एकच्या बाईला काहीही झालेलं नव्हतं. भिंतीवर आमच्याकडे ऑपरेशन थिएटरची रोजची यादी लावतात. तिचा नंबर तिथं तिसरा होता, वेळ अकरा, आणि पुढं लिहिलं होतं, डावा स्तन काढणे.

घड्याळात दहा चाळीस झाले होते.

"भिंगरी," मी हाक मारली. ही माझ्या हाताखालची टेक्निशियन. बत्तीस वर्षांची, दोन वर्षांच्या मुलीची आई, कामाला चपळ म्हणून भिंगरी. तिला येऊन पाच महिने झाले होते, सहा झाले की कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार होतं. तिच्या फायलीत आधीच एका चुकीची नोंद पडलेली होती, आणि ती मीच घातली होती.

तिनं दोन्ही ब्लॉक पाहिले, रजिस्टर पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"ताई," ती हळू म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं ना."

विचारलं होतं. आठ दिवसांपूर्वी हे ब्लॉक ती कापायला बसली होती आणि मी मशीन दुरुस्त करणाऱ्याशी फोनवर भांडत होते. तिनं विचारलं, "ताई, यातला एक कुठला नि सात कुठला? दोन्ही सारखेच दिसतायत." मी मान वळवली नाही. रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाले, "पट्टा नसेल तो एक. इतकं साधं." आणि परत भांडायला लागले. तिनं माझा नियम पाळला, दुसरं काही केलं नाही.

"ते आत्ता महत्त्वाचं नाही," मी म्हणाले. ते खोटं होतं, आणि आम्हा दोघींना ते ठाऊक होतं.

डॉक्टरबाईंचा फोन बंद होता. त्या विमानात होत्या, एक वाजता उतरणार होत्या. मी थिएटरला फोन लावला. तिथल्या सिस्टरनं उचलला. माझ्या आयुष्यात मला जितक्या बायकांनी दरडावलं त्या सगळ्यांचं नाव सिस्टरच होतं. अर्ध्या शाळेतल्या, अर्ध्या इस्पितळातल्या.

"तीन नंबरचं ऑपरेशन थांबवा," मी म्हणाले.

"कोण सांगतंय?"

"पॅथॉलॉजीतून बोलतेय."

"पॅथॉलॉजीतून कोण? डॉक्टर?"

"नाही, पण…"

"मग लेखी आणा. पेशंट आत घेतलंय आणि सर हात धुतायत." फोन ठेवला गेला.

लेखी द्यायला सही करणारं कुणी नव्हतं. मी दोन्ही ब्लॉक कोटाच्या खिशात टाकले, रजिस्टर काखेत मारलं आणि निघाले. लिफ्टपाशी जेवणाची ट्रॉली अडकली होती. लॅब तळघरात आणि थिएटर चौथ्या मजल्यावर. माझे गुडघे सत्तेचाळीस वर्षांचे आहेत, पण त्या दिवशी त्यांना कुणी विचारलं नाही.

जिना चढताना प्रार्थना करावी असं वाटलं. शाळेत आम्ही दिवसातून चारदा करायचो, झोपेतसुद्धा म्हणता यायची. पहिल्या ओळीच्या पुढं मला काही आठवेना. आठवला तो एकच शब्द, आणि तो प्रार्थनेतला नव्हता.

शाळेत कुणी काही मोडलं, सांडलं, चोरलं तर मोठ्या सिस्टर शिक्षा करत नसत. त्या वर्गात येऊन उभ्या राहायच्या आणि फक्त विचारायच्या, "कोण?" मग तीन मिनिटं शांतता. दुसरीकडं बोट दाखवायला बंदी होती. जिनं केलं तिनं उभं राहायचं आणि एकच शब्द बोलायचा, "मी." तेवढं बोललं की प्रश्न मिटला, जे बिघडलं ते नीट करायला सिस्टर स्वतः सोबत बसायच्या. ऐकायला सोपं वाटतं. त्या तीन मिनिटांत माझ्या शेजारणीच्या पोटातला आवाज मला ऐकू यायचा.

आठवीत असताना वेदीवरच्या पांढऱ्या कापडावर शाई सांडली. सांडली म्हणजे मी सांडली. चॅपलमध्ये उजेड चांगला म्हणून मी वेदीवर वही ठेवून गृहपाठ करत होते. देवाची जागा रिकामीच होती. शाळेचे आणि चॅपलचे कपडे धुवायचं, इस्त्री करायचं काम माझी आई करायची, त्यावरच मला शाळेत जागा मिळाली होती. त्या कापडाचं काही झालं तर आईला बोल लागणार, हे मला कळत होतं. सिस्टरांनी वर्गात विचारलं, "कोण?" मी उभी राहिले. म्हणाले, "मी, पण बाटलीचं झाकण सैल होतं."

सिस्टर पुस्तकावरून मराठी शिकल्या होत्या, त्यामुळं त्यांना शब्द जोडून बघायचा नाद होता. त्या म्हणाल्या, "‘मी’ला ‘पण’ जोडला की मीपण होतं. खाली बस. तू अजून उभी राहिलेली नाहीस."

आठवडाभर रोज सकाळी त्या येत राहिल्या. "कोण?" आणि तीन मिनिटं. सगळ्या वर्गाला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं, आणि मी बाकाची कड धरून बसून राहिले. पुढच्या सोमवारी त्यांनी विचारणं बंद केलं. आईनं कापड तीनदा धुतलं तरी निळसर डाग राहिला, आणि दर रविवारी तो डाग बरोबर समोर यायचा, माझ्याकडे तोंड करून. सिस्टर मुद्दाम तसं अंथरायला लावतात, असं मी धरून चालले. लग्न होऊन गाव सुटलं तशी मी चर्चही सोडलं. मागच्या वर्षी आई हसत हसत म्हणाली, "अगं, मागच्या बाजूनं ते माझ्याच हातून इस्त्रीनं जळलं होतं. म्हणून डागाची बाजू पुढं करायचे. सिस्टरांना कधी कळलंच नाही." म्हणजे मी देवाशी अबोला धरला तो एका इस्त्रीपायी. पण तोवर रविवारी उशिरा उठायची सवय लागली होती, आणि सवयीपुढं कुणाचं काय चालतं.

चौथ्या मजल्यावर पोचले तेव्हा अकराला सात कमी होते. थिएटरच्या दारात जमिनीवर लाल पट्टा आहे, त्याच्या आत बाहेरची चप्पल चालत नाही. सिस्टर आडवी आली. मी म्हणाले, सरांना इथं बोलवा, नाहीतर मी चपलेसकट आत येते. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आत गेली.

सर्जन आले. मास्क लावलेला, धुतलेले हात कोपरांत वाकवून वर धरलेले, कोपरांवरून पाणी ठिबकत होतं.

"बोला."

"सर, बावीसशे एकच्या रिपोर्टबद्दल शंका आहे."

"शंका म्हणजे? रिपोर्टवर तुमच्या डॉक्टरबाईंची सही आहे."

"हो, पण ब्लॉकची अदलाबदल झाली असावी."

"झाली असावी," ते म्हणाले. "मागच्या महिन्यात तुमच्या लॅबनं अशाच शंकेवर माझी दोन ऑपरेशनं थांबवली. एका बाईला दोनदा उपाशी ठेवलं, दोनदा आत आणलं. शेवटी काय निघालं? काही नाही. आत भुलीचं इंजेक्शन भरून तयार आहे. झाली की झाली नाही?"

"झाली. म्हणजे, चूक झालीय."

माझ्या लक्षात आलं, मी काय बोलत होते ते. चूक झाली, अदलाबदल झाली. आपल्या भाषेत सगळं आपोआप होतं, पाऊस पडतो तसं. करणारं कुणी लागतच नाही.

"कुणाकडून?" सर्जननी विचारलं.

आणि मी म्हणाले, "आमच्याकडे एक नवीन मुलगी आहे."

हे मी म्हणाले. लपवत नाही. ते तोंडातून इतकं सहज आलं की जणू मी जिनाभर त्याचीच उजळणी करत होते. नवीन आहे, कच्ची आहे, फायलीत नोंद आहे. सगळ्यांना लगेच पटलं असतं. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

सर्जनच्या खांद्यातला ताण गेला. "म्हणजे नवीन मुलीला काहीतरी वाटलं आणि तुम्ही धावत आलात. तिला नीट विचारा, डॉक्टरबाई आल्या की त्यांच्याशी बोला. अशा ऐकीव गोष्टीवर मी टेबलावरची बाई उठवत नाही." ते वळले. दार ढकलायला त्यांनी पाठ लावली.

ते पाठीनं दार ढकलत होते आणि उघड्या फटीतून मला टेबल दिसलं. हिरव्या चादरीखाली दोन पावलं होती, टाचांना भेगा पडलेली. बावीसशे एक. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला नंबरची पावलं दिसली. एक पाऊल दुसऱ्यावर घासत होतं, थंडी वाजल्यासारखं. ती जागी होती.

"सर," मी म्हणाले, "मी."

ते थांबले. "मी काय?"

"मी चुकले. नवीन मुलगी नाही, मी."

पुढचा शब्द जिभेच्या टोकावर आला होता. पण मशीन बंद होतं. पण मी फोनवर होते. पण बावीस वर्षांत पहिल्यांदाच. मी दात आवळून तो आत ठेवला.

"दोन्ही नंबर माझ्या हातचे आहेत," मी म्हणाले. "एक कुठला आणि सात कुठला हे तिनं मला विचारलं, आणि मी न बघता सांगितलं. आत आहे त्या बाईचे तुकडे तीन होते. मी स्वतः मोजून रजिस्टरात लिहिलेत. कॅन्सरचा रिपोर्ट पाच तुकड्यांचा आहे. तो तिचा नाही. तिला कॅन्सर नाही."

मी रजिस्टर उघडून त्यांच्यासमोर धरलं, ब्लॉक त्यावर ठेवले. त्यांनी ओल्या हातांनी कशाला स्पर्श केला नाही. नुसते वाकले. एक, दोन, तीन करत त्यांचे डोळे पाचापर्यंत गेलेले मला दिसले.

"खात्री आहे?"

"आहे."

"नोकरी जाईल तुमची. कळतंय ना?"

"कळतंय."

ते तसेच उभे राहिले. तीन मिनिटं नसतील, मला तेवढी वाटली. आतून कुणीतरी विचारलं, "सर, सुरू करू?"

"नको," सर्जन दाराच्या फटीतून म्हणाले. "भूल द्यायची नाही. पेशंट बाहेर घ्या." मग हात खाली सोडले आणि ते साध्या माणसासारखे दिसायला लागले. "तिच्या घरच्यांशी मी बोलतो. आणि दुसरी?"

"बावीसशे सात. शुक्रवारी घरी गेली."

"मीच सांगितलं तिला," ते म्हणाले. "काही नाही, निघा म्हणून. माझा हात धरून रडली ती, आनंदानं." त्यांनी मास्क खाली ओढला. "आजच बोलवा. तुकडा परत तपासू, पण बोलवा आजच. उद्यावर टाकू नका."

स्ट्रेचर माझ्या शेजारून गेलं. त्या भेगांच्या टाचांची बाई माझ्याहून लहान होती, डोक्याला निळी टोपी. डोळे सताड उघडे.

"झालं?" तिनं मला विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "तुमचं व्हायचंच नव्हतं. डॉक्टर सांगतील." तिला काही कळलं नाही.

तळघरात भिंगरी स्टुलावर बसली होती, हातमोजे तसेच घातलेले. मी आत गेल्यावर उठली.

"थांबलं," मी सांगितलं.

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात काढून विचारलं, "काय सांगितलंत तिथं?"

खोटं बोलता आलं असतं. "आधी तुझ्यावर ढकलायला निघाले होते," मी म्हणाले. "अर्धं वाक्य गेलं तोंडातून. मग माझं सांगितलं, पूर्ण."

"अर्धं म्हणजे किती?"

"नवीन मुलगी, इथपर्यंत."

भिंगरीनं हातमोजे काढले, एक एक बोट ओढत, सावकाश. "मी तुम्हाला फार मानते ताई," ती म्हणाली. "मानत होते." ती सिंकपाशी गेली आणि हात धूत राहिली. हेही ऐकून घ्यायचं होतं. सिस्टर म्हणायच्या की ‘मी’ म्हटलं की प्रश्न मिटतो, ते मला तेव्हा पटायचं. आता वाटलं, मिटत नाही. फक्त कुणाचा आहे ते ठरतं.

मशीन आणि ब्लॉकचं काय झालं ते मी कागदावर लिहिलं, वेळ घातली, सही केली. इस्पितळाच्या साहेबांनी दोनला बोलावलं होतं. तारखेत सात होता. पट्टा दिला.

मग स्वागतकक्षात जाऊन बावीसशे सातचा फोन नंबर मागितला. तिथली मुलगी म्हणाली, "मी करते ना जेवणानंतर. काय निरोप द्यायचाय?"

"निरोप नाही," मी म्हणाले. "मीच करते."

"पण तुम्ही लॅबच्या ना? तुम्ही पेशंटशी बोलत नाही."

"आज बोलते."

तिनं खांदे उडवले आणि फोन माझ्याकडे सरकवला. मी नंबर दाबायला लागले. शेवटच्या आकड्यापाशी थांबले. माझा उजवा हात आपण होऊन कपाळाकडे गेला होता, मग छातीकडे, मग एका खांद्यावर आणि दुसऱ्यावर. एकोणीस वर्षांत त्यानं असं केलं नव्हतं. मी त्याला अडवलं नाही. मला त्या बाईची भीती वाटत होती, साहेबांची नव्हती. एकीला मी आज सोडवून आले होते, आणि त्याच तोंडानं आता दुसरीला सांगायचं होतं. ती आत्ता काय करत असेल? चार दिवस झाले होते तिला बरं होऊन.

घंटा वाजत राहिली. सहा, सात. मला वाटलं, नसेल उचलत, बरं होईल. मग कुणीतरी उचलला. मागं पाण्याचा नळ चालू होता, एक लहान मूल मोठ्यानं गाणं म्हणत होतं आणि बाई हसत त्याला गप्प करत होती.

"हॅलो?" ती म्हणाली. हसू अजून तिच्या आवाजात होतं. "कोण?"

मी बसले होते ती खुर्ची मागं सारली.

"कोण बोलतंय?"

"मी," मी उभी राहून म्हणाले. "तुमचा नंबर लिहिणारी."